चायनीज डेमॉक्रसी: 'मूळ संचात' नसलेला अल्बम

तिसरी_तार
दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या खोक्यात गन्स अँड रोझेस या अमेरिकन रॉक बँडच्या 'चायनीज डेमॉक्रसी'ची सीडी सापडली. कव्हरवर ती भिंतीला टेकलेली सायकल, पुढे वेताची भलीमोठी टोपली. बायको म्हणाली ठेवायची की भंगारात? मी म्हटलं थांब, जरा विचारून सांगतो. म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १९९१ च्या सप्टेंबरात 'यूज युवर इल्यूजन'चे दोन भाग एकाच दिवशी आले. नोव्हेंबर १९९३ मध्ये दुसऱ्यांच्या गाण्यांचा एक अल्बम आला. त्यानंतर पुढचा येणार, येणार, येणार... आणि आला २३ नोव्हेंबर २००८ ला. पंधरा वर्षं! मी केबलवर पहिल्यांदा यांचा व्हिडिओ बघितला तेव्हा सातवीत होतो, आणि अल्बम आला तेव्हा गृहकर्जाचे हप्ते भरत होतो. मधल्या काळात बँडमध्ये उरला कोण, तर गायक ॲक्सल रोझ आणि कीबोर्डवर डिझी रीड. बाकी सगळे नवे.

तर प्रश्न दोन. एक, इतका उशीर नक्की कशाने झाला? दोन, याला गन्स अँड रोझेसचा अल्बम म्हणायचं की ॲक्सलने एकट्याने काढलेला? तिसरा प्रश्न बायकोचा आहे, तो वर लिहिलाच आहे.

खारे_दाणे
पहिला! आवडता विषय. सविस्तर प्रतिसाद लिहितोय, रात्रीपर्यंत टाकतो.

पेठेतला_हेमंत
ॲक्सलचा एकट्याचा. विषय संपला.

बरं, कारणही देतो. आपल्याकडे नाटकाच्या जाहिरातीत 'मूळ संचात' असं ठळक छापतात ते उगाच नाही. संच बदलला की प्रेक्षकाला तसं सांगायचं असतं, ही साधी सभ्यता आहे. इथे बघा. ड्रमर स्टीव्हन ॲडलरला १९९० मध्ये काढला. गिटारवाला इझी स्ट्रॅडलिन १९९१ मध्ये कंटाळून गेला, आणि निम्मी चांगली गाणी त्याची होती हे लोक विसरतात. १९९६ मध्ये मुख्य गिटारवाला स्लॅश गेला, तेही कसं, ॲक्सलने एमटीव्हीला फॅक्स पाठवला की आता स्लॅश बँडमध्ये नाही. फॅक्स! सोसायटीची थकबाकीची नोटीस यापेक्षा प्रेमाने येते. १९९७ मध्ये ॲडलरच्या जागी आलेल्या मॅट सोरमला घालवला आणि मग बेसवाला डफ मकेगनही गेला. नावाचा हक्क मात्र ॲक्सलकडे. म्हणजे पाटी तीच, आतला आचारी वेगळा, मालक म्हणतो चव तीच आहे. नाहीये हो तीच.

सोनचाफा_६०
मला यातलं काही कळत नाही पण माझ्या धाकट्याच्या खोलीत दारामागे एक पोस्टर होतं त्यात एकाने डोक्यावर चिकनच्या दुकानातली बादली पालथी घातली होती आणि तोंडाला पांढरा मुखवटा. मी रोज संध्याकाळी दिवा लावून त्या खोलीत उदबत्ती फिरवायला जायचे आणि रोज दचकायचे. तो यांच्यातलाच का?

तिसरी_तार
हो काकू, तोच! बकेटहेड. २००० मध्ये आला आणि मार्च २००४ मध्ये गेला. गिटार मात्र अशी वाजवतो की बादली विसरायला होतं. त्याच्यासाठी म्हणे स्टुडिओत कोंबड्यांचं खुराडं बांधलं होतं, जाळीबिळी लावून, आणि तो त्यात बसून वाजवायचा. विनोद म्हणून सांगत नाहीये, मोठ्या वर्तमानपत्रात छापून आलेलं आहे.

सोनचाफा_६०
अगं बाई. आणि मी पोराला म्हणायचे पसारा आवर.

एडिसनची_मधुरा
मी तेव्हा न्यू जर्सीत नवीनच आले होते. अमेरिकेत ही सीडी फक्त बेस्ट बायमध्येच मिळत होती. रविवार होता. नवरा म्हणाला टीव्ही बघायला जाऊ, मी म्हटलं चल, आणि टीव्हीच्या रांगेआधी सीडीच्या रॅककडे गेले. मला वाटलं होतं बाहेर गर्दी असेल, लोक रात्रीपासून उभे असतील. छे! एक काका प्रिंटरची शाई घेत होते आणि मी. पंधरा वर्षं जिची वाट बघितली ती वस्तू अशी रॅकवर निमूट उभी होती, मलाच लाजल्यासारखं झालं.

आणि डॉ. पेपरची गंमत कोणीच कशी सांगितली नाही? त्या थंड पेयाच्या कंपनीने २००८ च्या मार्चमध्ये जाहीर केलं की हा अल्बम याच वर्षात आला तर अमेरिकेतल्या प्रत्येकाला एक कॅन फुकट, फक्त स्लॅश आणि बकेटहेड सोडून. त्यांना खात्रीच होती की येत नाही! आणि आला की. मग म्हणाले कूपन वेबसाइटवरून घ्या, एकच दिवस. वेबसाइट झोपली. ॲक्सलच्या वकिलांनी कंपनीला खरमरीत पत्र पाठवलं. त्याआधी ॲक्सल स्वतः म्हणाला होता की बकेटहेडने अल्बमवर वाजवलंय, तर माझ्यातला डॉ. पेपर मी त्याला देईन. स्लॅशबद्दल अर्थातच काही बोलला नाही.

मला कॅन मिळाला नाही. अजून राग आहे. नवऱ्याला टीव्ही मिळाला.

पेठेतला_हेमंत
प्रिंटरची शाई घेणारे काका हाच या अल्बमचा खरा श्रोतृवर्ग.

फेडरवर_बोट
हेमंतराव, जरा सबुरी. मी गेली अठरा वर्षं रेकॉर्डिंगच्या धंद्यात आहे (अभंग, जिंगल, लग्नाची गाणी, मिळेल ते), त्यामुळे पहिल्या प्रश्नावर बोलतो.

पूर्वी टेपवर काम असायचं तेव्हा चोवीस ट्रॅक, फार तर दोन मशिनी जोडून अठ्ठेचाळीस. जागा संपली की निर्णय घ्यावाच लागायचा, हा टेक ठेवायचा की तो. टेप महाग, स्टुडिओचं तासाचं भाडं महाग. नेमका नव्वदच्या शेवटी संगणक आला आणि जागा संपेना. एकाच सोलोचे चाळीस टेक ठेवा, आज नको वाटतंय ना, उद्या ठरवू. आता असं साधन अशा माणसाच्या हातात द्या ज्याला 'बास, झालं' म्हणताच येत नाही, आणि वर त्याला 'बास' म्हणणारे चारही जण बँड सोडून गेलेले. उशीर तिथे झाला. इझी किंवा डफ असते तर कोणीतरी चिडून केबल उपटली असती. पगारी वादक केबल उपटत नाही, तो विचारतो, अजून एक टेक देऊ का सर?

एक नमुना सांगतो. जॉश फ्रीसने सगळ्या गाण्यांवर ड्रम वाजवले, टायटल गाण्याच्या श्रेयनामावलीतसुद्धा त्याचं नाव आहे. तो २००० मध्ये गेला. मग ब्रेन नावाचा ड्रमर आला. आणि रॉय थॉमस बेकर, म्हणजे क्वीन या ब्रिटिश बँडचा जुना निर्माता, त्याने जवळपास सगळंच नव्याने रेकॉर्ड करायला घेतलं. पण ॲक्सलला फ्रीसचंच वाजवणं आवडलेलं, म्हणून मग ते ड्रम कागदावर नोटेशन करून उतरवले आणि ब्रेनने ते बघून जसेच्या तसे वाजवले! म्हणजे एका माणसाचं अक्षर आवडलं म्हणून दुसऱ्याला ते गिरवायला लावलं. आमच्याकडे एखाद्या क्लायंटने असं सांगितलं तर मी चहाच्या निमित्ताने खाली जातो आणि परत येत नाही.

त्याच क्वीनचा गिटारवाला ब्रायन मे, त्यानेही एका गाण्यावर गिटार वाजवली होती. साक्षात ब्रायन मे! अंतिम अल्बममध्ये ती नाही.

वेसावकर
ब्रायन मेचं वाजवणं काढून टाकायला किती मोठी छाती लागते. किंवा किती कमी झोप.

खारे_दाणे
फेडरभाऊंचा प्रतिसाद वाचून माझे बरेच मुद्दे बदलले. नव्याने लिहितोय. उद्या नक्की.

चाळ_नंबर_९
मला तर हे सगळं आमच्या पुनर्विकासासारखं वाटतंय. २००६ साली बिल्डर आला, म्हणाला अडीच वर्षांत चावी. मग तो गेला, दुसरा आला, त्याने पहिल्याचा पाया तपासायला घेतला. मग आर्किटेक्ट बदलला. दर गणपतीला पुढच्या गणपतीला नव्या घरात अशी घोषणा. माझे वडील तर आराखडा छातीशी धरून बसायचे, अमुक खिडकी पश्चिमेला. शेवटी घर मिळालं तेव्हा छान होतं हो, खरंच छान होतं, पण आईने आत पाऊल टाकलं आणि पहिलं वाक्य काय, 'ओटा लहान आहे'. इतक्या वर्षांनी कुठलाही ओटा लहानच वाटणार.

तिसरी_तार
चाळ_नंबर_९, इथे रॉकबद्दल बोलतोय आणि तुम्ही घशात आवंढा आणलात.

फेडरवर_बोट
ओटा लहान आहे 😂 या अल्बमचं यापेक्षा चांगलं परीक्षण मी वाचलेलं नाही.

कोथरूडची_बेस_बाई
उशीर म्हणजे वाईटच असं नाही ना पण? टूल हा बँड बघा. २००६ नंतर थेट २०१९. तेरा वर्षं, आणि चौघंच्या चौघं तेच. लोकांनी शिव्या घातल्या पण आल्यावर डोक्यावर घेतला. म्हणजे उशीर माफ होतो, माणसं बदललेली माफ होत नाहीत असं म्हणायचं का?

बोस्टन नावाच्या बँडचंही असंच. १९७८ नंतर तिसरा अल्बम १९८६ मध्ये. त्यांचा टॉम शोल्झ एमआयटीतला इंजिनियर, घराच्या तळघरात एकटाच रेकॉर्ड करत बसायचा. रेकॉर्ड कंपनीशी कोर्टकचेऱ्या झाल्या. तरी लोकांनी घेतला, पहिल्या नंबरावर गेला.

वेसावकर
आपल्याकडचं सांगा की. इंडस क्रीड! आधीची रॉक मशीन, १९८४ पासून मुंबईत. ९३ ला नाव बदललं, ९५ ला अल्बम, ९७ ला दुकान बंद. २०१० मध्ये परत जमले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' आला. सतरा वर्षं झाली की मधे! ॲक्सलपेक्षा दोन जास्त. बेस आणि ड्रमवर नवी पोरं, पण उदय बेनेगल, महेश टिनेकर आणि झुबिन बलपोरिया जुनेच. आम्ही रंगभवनात त्यांना बघितलेलं, चपला हरवून घरी गेलेलो. फरक एवढाच की मधल्या सतरा वर्षांत त्यांनी कुणाला 'पुढच्या महिन्यात येतोय' असं सांगितलं नव्हतं. बंद म्हणजे बंद. मग आला तेव्हा भेट आल्यासारखा वाटला.

रंगभवनावर वेगळा धागा काढा कोणीतरी, मी दोन दिवस झोपणार नाही.

पेठेतला_हेमंत
वेसावकरांनी माझाच मुद्दा मांडला, फक्त गोड भाषेत.

बाकी फेडर म्हणतात ते तांत्रिक कारण ठीक, पण पैसा देणाऱ्यांचं काय? २००५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हिशेब छापला होता, तोवर १ कोटी ३० लाख डॉलर गेलेले आणि अल्बमचा पत्ता नाही. कंपनी एवढी वर्षं पैसे ओततच होती. २००४ मध्ये कुठे हात आखडता घेतला आणि जुनीच गाणी गोळा करून 'ग्रेटेस्ट हिट्स' काढला, तो दणकून खपला. म्हणजे स्लॅशच्या गिटारीने स्लॅश नसलेल्या अल्बमची उधारी फेडली!

कोथरूडची_बेस_बाई
आणि ऑफस्प्रिंग या बँडने २००३ मध्ये जाहीर केलं होतं की आमच्या नव्या अल्बमचं नाव 'चायनीज डेमॉक्रसी' ठेवतोय, तुम्ही झोपलात तर आम्ही घेणार. एक एप्रिलची गंमत होती ती. पण गंमतीवर गंमत म्हणजे त्यांच्या त्या अल्बमवर ड्रम कोणी वाजवले? जॉश फ्रीसने!

एडिसनची_मधुरा
जॉश फ्रीस म्हणजे आमच्या लग्नातले आचारी. कुठल्याही मांडवात जा, तेच.

निळा_हेडफोन
मी बहुतेक इथे सगळ्यांत लहान असेन, जन्म २००१ चा. थोडं वेगळं लिहितो, रागावू नका.

मी हा अल्बम २०१९ मध्ये होस्टेलला ऐकला. मला यातलं काहीच माहीत नव्हतं, फॅक्स, खुराडं, डॉ. पेपर, काहीच नाही. रूममेटच्या प्लेलिस्टमध्ये 'देअर वॉज अ टाइम' लागलं आणि मी त्याला विचारलं हे कोण. शेवटची दोन अडीच मिनिटं ती गिटार चढत जाते, चढत जाते, आणि वर ॲक्सल किंचाळतोय, माझ्या अंगावर काटा आला. मग पूर्ण अल्बम ऐकला. सगळाच आवडला नाही, काही ठिकाणी खूपच गजबज आहे, एका गाण्यात पाच गाण्यांचं सामान. पण 'बेटर' आणि 'स्ट्रीट ऑफ ड्रीम्स' अजून ऐकतो. नंतर वरच्यासारख्या गोष्टी वाचल्या तेव्हा कळलं की हा अल्बम म्हणजे विनोद आहे असं सगळ्यांचं ठरलेलं आहे. मला तसं वाटलंच नाही. मी फक्त चौदा गाणी ऐकली. तुम्ही लोकांनी बहुतेक पंधरा वर्षं ऐकलीत.

'ॲपेटाइट', यांचा पहिला अल्बम, मी नंतर ऐकला. तो जास्त चांगला आहे हे मान्य.

फेडरवर_बोट
ही पोस्ट मी सेव्ह करून ठेवतोय.

निळ्या, तुला जे गाणं आवडतं ना, 'स्ट्रीट ऑफ ड्रीम्स', ते हे लोक २००१ च्या जानेवारीपासून स्टेजवर वाजवत होते, तेव्हा नाव 'द ब्लूज' होतं. म्हणजे तू जन्मलास त्या वर्षी गाणं तयार होतं. आमच्यासारख्यांकडे रॉक इन रिओ महोत्सवातल्या फरफरणाऱ्या रेकॉर्डिंगची सीडी फिरत होती. ती इतकी ऐकली की खरा अल्बम आला तेव्हा स्वच्छ आवाजच चुकीचा वाटला.

पेठेतला_हेमंत
पोराने लिहिलंय चांगलं. तरी मूळ संच नाहीच.

बीकेसी_ते_बोरिवली
मी ९ डिसेंबर २०१२ ला एमएमआरडीए मैदानात होतो. तेव्हा ॲक्सलसोबत तीन तीन गिटारवाले, बंबलफूट, ॲशबा आणि फॉर्टस. धूळ, घाम, तंगड्या तुटलेल्या. माझ्या मागे एक जण, चाळिशीचा असेल, पूर्ण वेळ ओरडत होता 'स्लॅश कुठाय रे'. प्रत्येक सोलोला. बंबलफूट बिचारा जीव तोडून वाजवतोय आणि हा, स्लॅश कुठाय रे. शेवटी माझ्या मित्राने वळून सांगितलं, काका, त्याला जाऊन सोळा वर्षं झाली. तो म्हणाला माहितीये मला, पण विचारायला काय जातंय!

मग १७ मे २०२५ ला महालक्ष्मी रेसकोर्स. स्लॅश, डफ, दोघंही समोर. टोपी, केस, सगळं. मुलीला घेऊन गेलेलो, ती नववीत आहे. आणि गंमत सांगू का, मी गर्दीत त्या काकांना शोधत होतो. आणि 'चायनीज डेमॉक्रसी'तली गाणी आता स्लॅश वाजवतो हे लक्षात आहे का तुमच्या? २०१६ मध्ये परत आल्यापासून. मग हेमंतराव, आता ती मूळ संचात झाली का नाही?

पेठेतला_हेमंत
...

विचार करून सांगतो.

कोथरूडची_बेस_बाई
हेमंतरावांना गप्प केलं! तारीख लिहून ठेवा.

वेसावकर
पण इझी कुठाय? ॲडलर कुठाय? आणि ड्रमर तर २०२५ च्या मार्चमध्ये परत बदलला, फ्रँक फेरर गेला, आयझॅक कार्पेंटर आला. महालक्ष्मीला तोच होता.

पेठेतला_हेमंत
धन्यवाद वेसावकर. मूळ संच नाहीच.

सोनचाफा_६०
मी धाकट्याला फोन करून विचारलं. तो म्हणाला आई तू कुठल्या धाग्यावर आहेस? मग त्याने मला एक गाणं पाठवलं. गाणं मोठ्याने आहे पण मुलगा जीव तोडून म्हणतो. चीनशी काय संबंध ते कळलं नाही.

एडिसनची_मधुरा
काकू, चीनला मात्र कळला! तिथे अल्बम अधिकृतपणे आलाच नाही, आणि त्यांच्या ग्लोबल टाइम्स या वर्तमानपत्राने चिडून लिहिलं की हा चीनवर विषारी हल्ला आहे. इतकी वर्षं ज्याचं नाव जगभर चेष्टेचा विषय होतं त्याला गंभीरपणे घेणारे तेच पहिले.

तिसरी_तार
काल रात्री सगळे झोपल्यावर ऐकला. सीडी प्लेअर नाही, म्हणून जुन्या गाडीत खाली पार्किंगमध्ये जाऊन बसलो. वॉचमन दोनदा टॉर्च मारून गेला.

मुंबईकरांना आठवत असेल, अल्बम आला रविवारी आणि त्याच आठवड्यात बुधवारी २६/११. मी तेव्हा फोर्टात नोकरीला होतो. त्या आठवड्यात कोण कसला अल्बम ऐकतोय. सीडी नंतर कधीतरी मित्राने अमेरिकेतून आणून दिली, मी दोनदा ऐकली, इंटरनेटवर सगळे हसत होते म्हणून मीही हसलो आणि खोक्यात टाकली. खरं म्हणजे मी नीट ऐकलीच नव्हती हे काल कळलं. निळा म्हणतो तशी शेवटची गिटार खरंच चढत जाते. ते वाजवणाराच बादलीवाला, काकू! तो म्हणतो ती गजबजही आहे, दोन गाणी तर पुढे ढकलली. पण स्लॅशची आठवण मला पूर्ण एक्काहत्तर मिनिटांत एकदाच आली, आणि तीही सवयीने.

हेमंतराव, एकट्याचा अल्बम हे मला मान्य नाही. त्यातल्या पाच गिटारवाल्यांची नावं मी कव्हरवर मोजली. एकटं काय असेल तर निर्णय घेणं, नाहीतर न घेणं.

सीडी ठेवली. बायकोला सांगितलं. ती म्हणाली मग गाडीतच ठेव, माळ्यावर नको.

निळा_हेडफोन
दादा मग नवीन अल्बम कधी? २०२१ मध्ये आलेली 'ॲब्सर्ड' आणि 'हार्ड स्कूल' तर त्याच जुन्या रेकॉर्डिंगमधली उरलीसुरली, स्लॅश-डफला घेऊन नव्याने केलेली. स्लॅश परत येऊन पण इतकी वर्षं झाली.

चाळ_नंबर_९
पुढच्या गणपतीला.

खारे_दाणे
माझा प्रतिसाद लिहून तयार आहे, फक्त दुसरा परिच्छेद काढून पुन्हा लिहितोय. चुलतभावाला वाचायला दिलाय, त्याने सुरुवात बदलायला सांगितली. या आठवड्यात शंभर टक्के.

एडिसनची_मधुरा
खारे दाणे, तुमचा प्रतिसाद या वर्षात आला तर धाग्यावरच्या सगळ्यांना माझ्याकडून एकेक कोकम सरबत. हेमंतराव सोडून.